फळ्यावरची उलटी रेघ

स्मरणिका समितीने मला "शाळेची एखादी आठवण लिही" असं सांगितलं होतं. आठवण एकच आहे आणि ती तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून तिच्यासोबत थोडा इतिहासही लिहिते. इतिहास एका यंत्राचा आहे. आपल्या शाळेत ते कधीच नव्हतं, आता येतंय.

आधी आठवण. नववी, पावसाळ्यातला तास, वर्गात कुबट वास. सरांनी फळ्यावर दोन अक्ष काढले, आडवा काळाचा, उभा अंतराचा, आणि गणित सांगितलं: एक मुलगा घरून दुकानात जातो, पाच मिनिटं थांबतो आणि घरी परत येतो, त्याच्या घरापासूनच्या अंतराचा आलेख काढा. मला उठवलं. मी जाण्याची तिरकी रेघ काढली, थांबण्याची आडवी काढली. मग मुलगा परत येतो म्हणून रेघही परत आणली. खडू डावीकडे वळवला आणि जिथून निघाले होते त्या शून्यावर नेऊन टेकवला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हिनं तर काळ उलटा फिरवला!" पुढची दोन वर्षं मी 'टाइम मशीन' होते. पस्तीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अजूनही आहे.

त्या दिवशी सर हसले नाहीत, पण समजावूनही सांगितलं नाही. त्यांनी डस्टरने माझी तिसरी रेघ पुसली, उजवीकडे खाली उतरणारी रेघ काढली आणि तास पुढे नेला. ती मी पाठ केली. बोर्डाच्या परीक्षेत आलेखाचे पूर्ण गुण मिळाले, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, नोकरी लागली. पण खरं सांगते, ती रेघ खाली का येते हे मला आतून कधी पटलंच नव्हतं. परत येणारा माणूस पुढे कसा जाईल?

ते पटलं चाळिशी उलटल्यावर, पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये. मुलीच्या शाळेतून अर्डुइनोचं एक किट आलं होतं. त्यात दोन चकचकीत डोळ्यांसारखा दिसणारा एक तुकडा होता, एचसी-एसआर०४. बाजारात तो शंभर-सव्वाशे रुपयांत मिळतो. मुलीने तो लॅपटॉपला जोडला, टीव्हीच्या स्टँडवर ठेवला आणि म्हणाली, "आई, त्याच्यापासून लांब जा." मी गेले, रेघ चढली. थांबले, रेघ सपाट झाली. मग मी परत येऊ लागले आणि रेघ माझ्या डोळ्यांसमोर खाली उतरायला लागली. उतरता उतरता ती उजवीकडेच सरकत होती, कारण भिंतीवरचं घड्याळ माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं. मी तीन वेळा तेच केलं. मुलीला वाटलं यंत्र बिघडलं. तिला काय सांगणार!

त्यानंतर काही महिने मी या खेळण्याच्या मागे लागले. ते वर्गात कुठून आलं आणि आपल्या वर्गात का आलं नाही, हे मला शोधायचं होतं.

गती मोजण्यातली अडचण फार जुनी आहे. अंतर मोजायला पट्टी असते, ती जागेवर थांबून राहते. काळ थांबत नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात आपला उतरंडीचा प्रयोग सांगितला आहे. सुमारे बारा हात लांबीची लाकडी फळी, तिच्यात बोटापेक्षा थोडी रुंद सरळ पन्हळ, आतून गुळगुळीत चर्मपत्र लावलेलं. त्यातून ब्राँझचा गोळा घरंगळत सोडायचा. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं, त्याच्या बुडाशी बारीक नळी. गोळा सुटला की पाणी पेल्यात धरायचं, पोचला की थांबवायचं आणि पेल्यातलं पाणी तराजूत तोलायचं. शंभर शंभर वेळा केलं, असं तो लिहितो. अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, ही गोष्ट त्याने अशी पाणी तोलून दाखवली. एवढी मेहनत केल्यावर हातात येतं काय? एका अंतरासाठी एक वेळ. गोळा मध्ये कुठे कधी होता हे पाहायचं तर पुन्हा नवा गोळा, नवं पाणी.

शाळांसाठी यावर पहिला चांगला तोडगा विसाव्या शतकाच्या मध्यावर आला. अमेरिकेत १९५६ साली एमआयटीत जेरॉल्ड झकारायस यांच्या पुढाकाराने पीएसएससी नावाची समिती शाळेचं भौतिकशास्त्र नव्याने लिहायला बसली. पुढच्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक उडाल्यावर अशा कामांना पैसा आणि घाई दोन्ही मिळालं. त्यांच्या प्रयोगांत दारावरच्या विजेच्या घंटीसारखा टकटक करणारा एक टायमर होता. गाडीला कागदी फीत बांधायची, गाडी फीत ओढत नेते आणि टायमर ठराविक अंतराने तिच्यावर ठिपके मारतो. ठिपके जवळ म्हणजे गाडी हळू, लांब म्हणजे जोरात. साठच्या दशकात ब्रिटनच्या नफील्ड अभ्यासक्रमाने हेच विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहावर चालवलं, म्हणजे सेकंदाला ५० ठिपके. दर दहा अंतरांवर फीत कापायची आणि तुकडे शेजारी शेजारी उभे चिकटवायचे. प्रत्येक तुकडा ०.२ सेकंदांचा, त्यामुळे त्यांची उंची म्हणजेच वेग. कागद कापून तयार झालेला आलेख! मला ही कल्पना आजही फार आवडते. संगणक नाही, आकडेमोड नाही, फक्त कात्री आणि डिंक.

यातला विनोद असा, की हा टायमर आपल्या शाळेत होता. प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. गेल्या वर्षी कपाट उघडलं तेव्हा फितीचं पिवळं पडलेलं रीळ जसंच्या तसं निघालं, एकही ठिपका न पडलेलं. आपण पाच वर्षं त्या काचेला नाक लावून आत पाहत होतो. किल्ली कोणाकडे होती याची चर्चा आता नको, पण मला वाईट वाटलं ते वाटलंच.

आता मुख्य यंत्राकडे येते. ते भौतिकशास्त्रासाठी जन्मलंच नाही, फोटोसाठी जन्मलं. पोलरॉइड कंपनीने १९७८ साली अंतर स्वतः ओळखून लेन्स जुळवणारा झटपट फोटोंचा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या कपाळावर एक गोल सोनेरी जाळी होती. तिच्या आत खाचा असलेल्या धातूच्या चकतीवर सोन्याचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणून बसवलेली होती. बटण दाबलं की ती आपल्याला ऐकू न येणारा, सुमारे ५० ते ६० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडायची, मग तीच फिल्म कान होऊन प्रतिध्वनीची वाट पाहायची. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळायचं. वटवाघळाची युक्ती म्हणा, किंवा पाणबुड्या शोधणारं सोनार म्हणा, ते आता कॅमेऱ्यात आलं होतं. अंधारातही कॅमेरा अचूक जुळायचा. फक्त खिडकीच्या काचेतून बाहेरचा फोटो काढायला गेलात तर तो काचेवरच जुळायचा, कारण ध्वनीच्या दृष्टीने काच म्हणजे भिंत.

पोलरॉइडने हा भाग प्रयोग करणाऱ्यांसाठी सुटाही विकायला काढला. तो यंत्रमानव बनवणाऱ्यांनी घेतला, तसाच मॅसॅच्युसेट्समधल्या टर्क या शिक्षणसंस्थेत काम करणाऱ्या रॉबर्ट टिंकर यांच्या हातातही पडला. टिंकर हे भौतिकशास्त्रज्ञ. वर्गात नुकते शिरू लागलेले छोटे संगणक मुलांना प्रश्नोत्तरं विचारण्यापेक्षा मोजमापाला जुंपावेत, असा त्यांचा ध्यास होता. कॅमेरा एका फोटोसाठी एकदाच हाक मारतो. त्याला सेकंदाला वीसदा हाक मारायला लावली आणि प्रत्येक उत्तर पडद्यावर ठिपका म्हणून मांडलं, की समोरच्या माणसाची गती आपोआप लिहिली जाते. गॅलिलिओच्या पाण्याचं, नफील्डच्या फितीचं काम झालंच, वर फीत बांधायचीही गरज उरली नाही. गाडीच्या जागी मुलगा स्वतः उभा राहू शकला.

हा शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण माझ्या मते सगळं त्यातच आहे. फितीच्या प्रयोगात वस्तू हलते आणि आपण नंतर पंचनामा करतो. इथे आपणच वस्तू असतो.

याचा फायदा खरंच होतो का, हे तपासलं गेलं. हेदर ब्रॅसेल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी वाचला आणि खुर्चीत सरळ बसले. त्यांनी शाळेच्या वरच्या वर्गातली भौतिकशास्त्राची मुलं घेतली. काहींना चालताना त्याच क्षणी आलेख दिसायचा, काहींना तोच आलेख वीस-तीस सेकंदांनी दिसायचा, काहींनी फक्त कागद-पेन्सिलीवर काम केलं. एकाच तासात पहिल्या गटाची समज सुधारली. उशिरा आलेख पाहणाऱ्यांमध्ये ती सुधारणा जवळपास विरून गेली. अर्ध्या मिनिटाचाही उशीर नाही! मी अठ्ठावीस वर्षांनी पाहिला.

नंतर टफ्ट्स विद्यापीठातले रोनाल्ड थॉर्नटन आणि ओरेगन विद्यापीठातले डेव्हिड सोकोलॉफ यांनी १९९० साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये अशा साधनांवर लेख लिहिला. व्याख्यानं ऐकून आलेल्या कॉलेजातल्या मुलांनाही वेगाचे साधे आलेख नीट काढता येत नाहीत आणि सेन्सरसमोर चालल्यावर येऊ लागतात, हे त्यांनी दाखवलं. डिकिन्सन कॉलेजात प्रिसिला लॉज यांनी तर व्याख्यानंच काढून टाकली आणि पूर्ण अभ्यासक्रम प्रयोगांच्या टेबलावर नेला. त्यांच्या प्रयोगांतला माझा लाडका म्हणजे जुळवाजुळव. पडद्यावर आधीच एक आलेख काढलेला असतो आणि आपण असं चालायचं की आपली रेघ त्याच्यावर बसली पाहिजे. दिसायला लंगडीपाणी, पण अंतराचा आलेख जुळवून झाल्यावर वेगाचा जुळवायला घ्या, भलेभले घसरतात. वेगाची सपाट रेघ म्हणजे थांबणं नव्हे, हे पायांना पटायला वेळ लागतो.

भारतातही हे काम झालं आहे. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये 'फिनिक्स' प्रकल्पातून एक्सपआइज नावाची छोटी डबी तयार झाली. संगणकाला जोडून शाळा-कॉलेजचे ढीगभर प्रयोग तिच्यावर करता येतात आणि हाच दोन डोळ्यांचा सेन्सर तिलाही लावता येतो. तिचा आराखडा आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे. आमच्या धंद्यात याची किंमत कळते.

इथपर्यंत वाचून झाल्यावर गेल्या मे महिन्यात गावी आले ती थेट सरांकडे गेले. किट पिशवीत होतं. तुमच्यापैकी जे गावातच आहेत त्यांना माहीत आहे, सर आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत, पण सकाळी व्हरांड्यात पेपर वाचताना आवाज दिला तर आधी नाव आणि लगेच हजेरीपटाचा क्रमांक सांगतात. मी व्हरांड्यात सेन्सर मांडला. भिंतीपासून टेपने बरोबर दोन मीटर मोजून ठेवला आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं १९२ सेंटिमीटर.

आठ सेंटिमीटर गायब. मी कोड उघडला. तारा हलवल्या. टेप पुन्हा धरली. सेन्सर स्वस्तातला आहे, असं सरांना दोनदा सांगितलं. अर्धा तास गेला, घामाने मी निथळत होते. सर शांतपणे पाहत होते. मग म्हणाले, "ध्वनीचा वेग किती धरला गं?"

"३४३, सर."

"कोणत्या तापमानाला?"

मी गप्प. ३४३ हा आकडा मी इंटरनेटवरून उचलला होता, तो २० अंश सेल्सियसचा. सरांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट दाखवलं. पारा ४२ वर. "शून्य अंशाला ३३१, पुढे दर अंशाला ०.६ ने वाढतो. शिकवलं होतं मी." तोंडी हिशेब त्यांचाच: ४२ गुणिले ०.६ म्हणजे २५ आणि वर थोडं, म्हणजे ३५६. मी कोडमध्ये आकडा बदलला. पडद्यावर १९९. उरलेला एक सेंटिमीटर आम्ही दोघांनी सेन्सरला माफ केला.

वीस वर्षं प्रोग्राम लिहिणारी मी यंत्राला खोटं ठरवत होते. यंत्र बरोबर होतं, वेळ त्याने अचूक मोजली होती. चुकीची होती ती माझी हवा.

त्या सकाळी आम्ही आणखी बरंच शिकलो. ओढणी किंवा सुती साडीवरून प्रतिध्वनी नीट परतत नाही, कापड आवाज पिऊन टाकतं, म्हणून छातीशी काहीतरी सपाट, कडक धरावं लागतं. सरांनी घरातून नातवाचं परीक्षेचं पॅड आणलं, ते उत्तम चाललं. ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो, त्यामुळे बाजूची खुर्चीही मध्येच आलेखात येऊन बसते. शिवाय अंतरावरून वेग काढायला गेलं की रेघ थरथरते. या सेन्सरला दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते. ३ मिलिमीटरला ०.०५ सेकंदाने भागलं की सेकंदाला ६ सेंटिमीटरची खोटी उडी, आणि त्यावरून त्वरण काढलं तर चूक आणखी वीसपट. तयार सॉफ्टवेअर ही थरथर सरासरी काढून गुपचूप लपवतं. माझं मत असं, की मुलांपासून ती लपवू नये. आधी थरथर दाखवावी, मग ती कशी कमी केली तेही दाखवावं.

शेवटी सर स्वतः उठले. पॅड छातीशी धरलं आणि म्हणाले, "लाव तो आलेख, मी जुळवतो." मी पडद्यावर उतरती रेघ काढली. सर क्षणभर विचार करून ठामपणे मागे गेले. रेघ वर चढली. थांबले, पडद्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. मला नववीत जे हवं होतं ते त्या हसण्यात होतं की काय कोण जाणे, पण मीही हसले आणि मग आम्हाला चहा येईपर्यंत थांबवेना. चहा घेताना ते एवढंच म्हणाले, "तेव्हा बासष्ट पोरं होती गं वर्गात, आणि पस्तीस मिनिटं." माझ्या फळ्यावरच्या रेघेचं त्यांना आठवत होतं. मी विचारलं नव्हतं.

आता पैशांचं. स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर झालेला गोंधळ सगळ्यांनी वाचला आहे. स्मार्ट बोर्ड मागणाऱ्यांशी माझं वैर नाही. बोर्ड सगळ्या विषयांना उपयोगी पडतो, दिसायलाही छान दिसतो आणि त्याच्यावर देणाऱ्यांची नावं लिहायला जागा भरपूर असते. पण त्याच्यावर मुलं पुन्हा दुसऱ्याने काढलेली रेघच पाहतील. समितीने अखेर दोन्हीला होकार दिला, बोर्ड एक आणि सेन्सरचे संच सहा. संचांच्या तारा मी आणि माझ्या मुलीने जोडल्या. प्रत्येकात तापमान मोजणारा छोटा तुकडाही बसवला आहे, पण तापमान आपोआप न घेता मुलांनी स्वतः टाइप करायचं, असं मुद्दाम ठेवलं आहे. पेट्या आपल्याच वर्गातल्या सुतारकाम करणाऱ्या मित्राने बनवून दिल्या, लाकडाचेही पैसे घेतले नाहीत. त्याने कडी-कोयंडा लावू का विचारलं होतं. सरांनी निरोप पाठवला, कुलूप लागेल असं काहीही नको.

विज्ञानाच्या सध्याच्या बाईंनी संच एकदा चालवून पाहिले. त्यांची अडचण अगदी रास्त आहे: एका तासात सहा गट सांभाळायला एक माणूस पुरत नाही. म्हणून गावात राहणाऱ्या चौघांनी महिन्यातला एक शनिवार आळीपाळीने जायचं कबूल केलं आहे. पाचवा कोणी मिळाला तर बरं होईल. भौतिकशास्त्र यायची अट नाही, खुर्च्या बाजूला सरकवता आल्या तरी पुरे.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी दहाला प्रयोगशाळेत पहिला संच मांडलेला असेल. फरशीवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर खुणा केलेल्या असतील. पडद्यावर तोच आलेख असेल: मुलगा दुकानात जातो, पाच मिनिटं थांबतो (आपण पाच सेकंद धरू), घरी परत येतो. मागच्या बाकावरून ओरडणाऱ्याचा नंबर पहिला, असं सरांशी ठरलं आहे. परीक्षेची पॅडं घरून आणा, शाळेत दोनच आहेत.